अक्कांचं वळवट, माझा पास्ता

अक्का, परवा तुमचं तेराव्याचं जेवण झालं. भाजी पांचट होती, बुंदी कोरडी होती, आणि तरीही पंगतीतला प्रत्येक माणूस "छान झालं सगळं" म्हणत हात धुवायला गेला. तुम्ही असतात तर आचाऱ्याला तिथल्या तिथं उभं केलं असतंत. मी, तुमची धाकटी भावजय, तुमच्या वतीनं नाक मुरडून पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही. नाक मुरडायलाही अधिकार लागतो, आणि माझ्या स्वयंपाकाची जी कीर्ती तुम्ही करमाडपासून आमच्या गारखेड्यापर्यंत करून ठेवली आहे, तिच्यामुळं माझ्या नाकाला काडीची किंमत उरलेली नाही.

"काय हात होता अक्कांचा!" हे वाक्य मात्र तेरा दिवस घरात नुसतं घोंगावत होतं. सतरंजीवर बसलेल्या प्रत्येक बाईनं डोळ्याला पदर लावून ते म्हटलं. थोरल्या जाऊबाई तर सगळ्यांच्या पुढं बसून म्हणाल्या, "आमच्या घरातलं एक लग्न अक्काच्या वळवटाशिवाय झालं नाय, बाई." मी आत चहा गाळत होते. मला त्या बाईची किळस आली. मग माझी स्वतःचीही आली, पण जरा उशिरा. स्वतःची किळस यायला मला नेहमीच वेळ लागतो.

कारण ते वळवट कसं व्हायचं, हे त्या सतरंजीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न ठरलं की घरातल्या बायका जमतात, गव्हाच्या पिठाचे बोटांनी बारीक बारीक प्रकार वळतात. नखानं दाबलेले नखुले, फणीवर फिरवलेले शंख, मण्यांसारख्या मालत्या. ते उन्हात वाळवून डब्यात भरायचे, रुखवतात मांडायचे, पुढं कधी त्यांची खीर करायची. सुरुवात पाच सवाष्णींनी करायची. त्यांना हळदीकुंकू लावायचं, पाटावर बसवायचं. तुमच्याइतकं देखणं वळवट आपल्या सगळ्या भावकीत कुणाला जमत नव्हतं. पण तुमचे यजमान, आमचे दाजी, गेले तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आत होतात, आणि तेव्हापासून तुमचं वळवट घराच्या मागच्या पडवीत होऊ लागलं. पीठ तुम्ही मळायचं, डबे तुम्ही भरायचे. पुढच्या खोलीत पाचजणी वाकडेतिकडे दोन-दोन शंख वळणार, फोटो काढणार, आणि उठणार. फोटोत त्यांच्या बांगड्या यायच्या. डब्यात तुमची बोटं असायची.

माझ्या मुलाच्या लग्नातही हेच झालं. मी वरमाई होते. नवी पैठणी, केसांत गजरा, सगळा थाट. तुम्ही पिठाची परात घेऊन मागून आलात, ती पाटांच्या मधोमध ठेवलीत, आणि क्षणभर तिथं उभ्या राहिलात. मी काय केलं? मी चहा ठेवायला आत गेले.

तर आता जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते, नाहीतर नेहमीप्रमाणं बाकीच्या गप्पांत राहून जाईल. येत्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं, नेहाचं, लग्न आहे. तिच्या वळवटाला पहिला हात तुमचा लावायचा, पुढच्या खोलीत, पाटावर बसवून, असं मी मनाशी ठरवलं होतं. तुम्हाला फक्त विचारायचं होतं. तुम्ही तपासण्यांसाठी म्हणून चार दिवस आमच्याकडं आलात आणि आठ महिने राहिलात. मी विचारलं नाही.

त्याऐवजी आपण पास्त्यावरून भांडलो.

तुम्ही आलात तेव्हा आमचा ईशान दीड वर्षाचा होता. त्याची आई प्राजक्ता सकाळी साडेसातला कंपनीच्या बसनं शेंद्र्याला जायची, आणि नातवाचं जेवण माझ्याकडं. मी पन्नाशी ओलांडलेली, दोन मुलं वाढवलेली बाई, आणि मोबाइलवर बघून आजीपण शिकत होते. 'लहानग्यांसाठी भाज्यांचा पास्ता, फक्त दहा मिनिटांत.' त्या व्हिडिओतल्या बायकांची मला आता चीड येते. त्यांच्या ओट्यावर कधी दूध उतू गेलेलं नसतं. त्यांच्या गाजराला साल नसते. त्यांची मुलं पाखरासारखी चोच उघडतात, आणि ती बाई कॅमेऱ्याकडं बघून हसते, जणू घास त्या पोरानं नाही, आपणच गिळला. दहा मिनिटांत! माझी दहा मिनिटं नुसती झाकण शोधण्यात जात होती.

पहिल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, श्वास सावरत, माझी कारागिरी बघत होतात. मी मैदा, लोणी आणि दुधाचं पांढरं सॉस ढवळत होते.

"काय करायलीस गं? खळ?"

"पास्ता आहे, अक्का. पांढऱ्या सॉसमधला."

"मंग ती खळच. पतंगाला लावायची का लेकराला?"

तुम्ही पाकिटातला एक कोरडा पास्ता उचललात, उजेडात धरलात. शंखाच्या आकाराचा होता.

"ह्यो तर शंख हाय. कुणी वळला?"

"मशीननं वळतात."

"तरीच. समदे एकसारखे. बाईच्या हातचे असते तर एखादा तरी रुसलेला निघाला असता."

ईशाननं त्या दिवशी तीन घास खाल्ले आणि चौथा माझ्या चष्म्यावर उडवला. तुम्ही इतक्या हसलात की खोकला आला, आणि मला पाणी द्यावं लागलं. पाणी देताना मी मनात म्हटलं, ही बाई चार दिवसांत जाईल तर बरं. हे खोटं कशाला सांगू?

मग मी दुसरी युक्ती शोधली. गाजर, दुधी, डांगर शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, वरून चीज किसायचं आणि त्या केशरी लगद्यात पास्ता बुडवायचा. पोराला भाजी दिसतच नाही. त्यानं वाटी संपवली. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, बारा जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ओट्याला टेकून विजयी मुद्रेनं तुमच्याकडं पाहिलं.

"काय काय घातलंस त्यात?"

"तीन भाज्या! त्याला पत्तासुद्धा लागला नाही."

"म्हंजी लबाडी केलीस."

"अहो अक्का, पोटात गेलं ना!"

"पोटात गेलं. डोळ्याला कुठं गेलं? उद्या ताटात दुधी दिसली की म्हणंल, ही कोण बाई? ओळख न्हाय, पाळख न्हाय."

"तुमच्या वेळी मुलं फारशी खटपट न करता खायची. आता नाही खात."

"आमच्या वेळी लेकराला कुणी फसवायला बसत नव्हतं. तेवढा वेळच नव्हता, माय."

हे भांडण आपण आठ महिने भांडलो. मी म्हणायची, पोट महत्त्वाचं. तुम्ही म्हणायचात, ओळख महत्त्वाची. प्राजक्ता संध्याकाळी आली की दोघी तिच्याकडं फिर्याद घेऊन जायचो, आणि ती बिचारी बूट काढता काढता दोघींना बरोबर ठरवायची. त्याबद्दल आपल्या दोघींनाही तिच्याविषयी तुच्छताच वाटली. या एका बाबतीत आपलं पहिल्यापासून एकमत होतं.

एका रविवारी मी भाजी घेऊन आले, तर तुम्ही पीठ मळून बसल्या होतात. समोर ताट, आणि हातात ईशानची कोरी फणी. त्याच्या बारशात आलेली, चांदीच्या मुठीची. मी किंचाळलेच.

"ओरडू नको. धुतलीय," तुम्ही म्हणालात. "ह्याच्या केसाला अजून वर्षभर फणीची गरज न्हाय."

श्वास लागत होता तरी तुमची बोटं थांबत नव्हती. गोळीएवढं पीठ घ्यायचं, अंगठ्यानं फणीवरून ओढायचं, की शंख तयार. मी एक करून पाहिला. तुम्ही तो उचललात, बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "ह्यो गोगलगायीनं सोडलेला दिसतोय." दुपारभरात गॅलरीतल्या चादरीवर दोन ताटं वळवट वाळत पडलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" तुम्ही म्हणालात, "कुणाचं न्हाय. जेवायचंय."

त्या वाक्यावर मी आत निघून गेले. अजून मला ते ऐकू येतं. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नासाठी वळलेलं तुमचं वळवट, त्या दिवशी पहिल्यांदा फक्त खाण्यासाठी झालं होतं. पाट नाही, हळदीकुंकू नाही, पाचजणी नाहीत. एका दीड वर्षाच्या पोराला सवाष्ण कोण आणि कोण नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात एवढी अक्कल त्या एकट्यालाच होती.

आणि मग सोमवारी तुम्ही मला शिकवलंत, शिव्या देत देत. पाणी खळखळून उकळलं की मीठ, मग मूठभर वळवट. तोवर शेजारी कढईत तूप, जिरं, एक टोमॅटो, गाजराचा कीस आणि दुधीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मटार शिजले की एकेक दाणा बोटानं चेपायचा, "गोल दाणा लेकराच्या घशात सोडायचा नस्तो, दाब." वळवट दोन बोटांत चिरडलं की उतरवायचं, आणि ते शिजलेलं पाणी दोन पळ्या भाजीत ओतायचं. बारा मिनिटं. त्या व्हिडिओतली बाईसुद्धा पाणी राखून ठेवायला सांगते, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्हाला तिच्याइतके गुण द्यायची माझी तयारी नव्हती.

ईशाननं पहिल्या दिवशी दुधीचा तुकडा उचलला, निरखला, आणि मला फेकून मारला. मी म्हटलं, "बघा!" तुम्ही म्हणालात, "बघ. हातात घेतला ना?" दुसऱ्या दिवशी चाटला. पाचव्या दिवशी खाल्ला. मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला नाही. हरल्याचे व्हिडिओ कुणी टाकत नसतं.

आज तो सव्वादोन वर्षांचा आहे आणि गाजर, दुधी, मटार, पालक, दोडका अशी सगळी मंडळी त्याच्या ओळखीची आहेत. वांग्याशी त्याचं जमत नाही, ते माझंही जमत नाही. हे श्रेय तुमचं. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तुम्ही त्यावर जे काही बोलला असतात ते ऐकायची माझी छाती नव्हती.

विचारायचा प्रयत्न मी केला, अक्का. एकदा गॅलरीत, ताट उन्हात सरकवताना. "अक्का, नेहाच्या लग्नाचं म्हणत होते..." तुम्ही वर पाहिलंत. तुमची नजर बघितली आणि मी म्हटलं, "... तिला तुमची ती हिरवी साडी फार आवडते." तुम्ही म्हणालात, "घेऊन जाऊ दे." दुसऱ्यांदा मटार सोलताना. तेव्हा मी दुसऱ्याच भाजीवर घसरले. मी भाज्या चिरण्यात किती मंद आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण विषय टाळण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

तिसऱ्यांदा शेवटच्या आठवड्यात. तुम्हाला उठून बसवत नव्हतं. ईशान पलंगाची कड धरून उभा होता.

"काय खाल्लं ह्यानं?"

"वळवट. तुमचंच."

खोटं होतं. डबा आदल्या आठवड्यातच संपला होता. त्या दिवशी मी पाकिटातला पास्ता केला होता, आणि घाईत सगळ्या भाज्या मिक्सरमधून काढल्या होत्या.

"दुधी दिसू दिलीस ना?"

"हो, अक्का."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. बराच वेळ. मला वाटलं, आता. आता नाही तर कधी? मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ?"

तुम्ही पाणी प्यायलात.

आता कालचं सांगते. तेरावा झाल्यावर थोरल्या जाऊबाई करमाडला परत गेल्या नाहीत, आणखी दोन दिवस राहते म्हणाल्या. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. दुपारी मी ईशानसाठी पास्ता उकळायला टाकला होता, तो त्याच्या उंच खुर्चीत बसून चमचा आपटत होता, आणि जाऊबाई तुमच्या स्टुलावर येऊन बसल्या. मला ते स्टूल त्यांच्याखालून ओढून घ्यावंसं वाटलं.

"उन्हाळ्यात नेहाचं वळवट करावं लागंल," त्या म्हणाल्या. "आता अक्का न्हाईत. पाचजणी चांगल्या हाताच्या बघाव्या लागतील."

माझं डोकं फिरलं. तेरा दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, चांगल्या हाताच्या कशाला? पाचजणींनी आजवर केलं काय? फोटो! पडवीत बसवून राबवून घेतलं त्यांना, आणि पुढं येऊन रडायचं, काय हात होता म्हणून! लाज वाटत नाही? माझ्या पोराच्या लग्नात परात घेऊन त्या पाटाशी उभ्या राहिल्या, तर तुमच्यातल्या एकीनंसुद्धा सरकून जागा दिली नाही!

जाऊबाई शांतपणे ऐकत होत्या. रडल्या नाहीत. तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"मंग आता माझं ऐक. लग्न कुणाच्या पोराचं व्हतं?"

मी उगाच पातेल्यात चमचा फिरवला.

"वरमाई तू व्हतीस. माझं कोण ऐकतंय? चार म्हाताऱ्या बसल्या व्हत्या, त्यांच्यापुढं माझी टाप न्हाय. पर तू नुसतं 'अक्का, बसा' म्हणली असतीस ना, तर मी पाट सरकवला असता. मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते, सुमन. अक्का बी तुझ्याच तोंडाकडं बघत व्हत्या. अन् तू गेलीस चहा ठेवायला."

पातेल्यातलं पाणी उतू गेलं. त्यांनीच उठून गॅस बंद केला. एक पास्ता चमच्यावर घेऊन चाखला.

"मीठ न्हाय यात," म्हणाल्या.

अक्का, आठ महिने तुम्ही मला बोललात. खळीवरून बोललात, मिक्सरवरून बोललात, माझ्या शंखावरून, माझ्या चिरण्यावरून, माझ्या माहेरच्या आमटीवरून बोललात. त्या दिवसावरून एक अक्षर नाही. मी समजत होते की तुम्हाला आठवत नसेल, किंवा तुम्ही मनावर घेतलं नसेल, किंवा दोष थोरलीचा आहे हे तुम्हालाही कळलं असेल. तेरा दिवस तिच्याकडं तुच्छतेनं बघताना मला किती बरं वाटत होतं! आता वाटतं, त्या एका गोष्टीबद्दल मला बोलावं इतकीसुद्धा माझी लायकी तुम्ही धरली नव्हती. की मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत होतात? दोन्हींपैकी काय, ते मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं हीच माझी शिक्षा असेल तर ती हलकी आहे.

"आता नेहाच्या वेळी काय करायचं, ते आज सांग," जाऊबाई म्हणाल्या. "ऐन वक्ताला आत पळू नको."

मी ईशानच्या वाटीत दुधीचे तुकडे वाढत होते. म्हटलं, पाचजणी नकोत. जिला वळता येतं ती पुढच्या खोलीत बसेल. सवाष्ण असो, नसो. आणि बसा म्हणून मी स्वतः म्हणेन, प्रत्येकीला, नाव घेऊन.

"बायका बोलतील."

"बोलू देत."

"मी करमाडहून दोघींना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "त्यातली एक आपली चुलत जाऊ. तिचा नवरा गेल्याला सहा वर्षं झाली. हात चांगलाय तिचा. कुणी बोलवत न्हाय." मग त्या उठल्या, ईशानचं तोंड पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हे ऐकायला अक्का पायजे व्हत्या."

होत्या की. आठ महिने होत्या. त्याच स्टुलावर, माझ्यापासून दोन हातांवर.